पिशवी कोणाच्या हातात? इलिओस्टोमीनंतरचे दहा महिने

रुग्ण: मुलगी, वय २०, बी.ए.चं दुसरं वर्ष. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्यापासून १८ किलोमीटर. घर अर्धं मातीचं, अर्धं टिनाचं. चार एकर कोरडवाहू वावर, कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. घरात आई, बाबा, धाकटा भाऊ आणि आजी. हे प्रकरण एका मुलीचं म्हणून मांडलं आहे. तपशील मात्र अशा तरुण रुग्णांत पुन्हापुन्हा दिसणारे, एकत्र गुंफलेले आहेत.

पोळा झाला आणि तापाने धरलं. गावात दोनदा सलाइन, तीन प्रकारच्या गोळ्या, ताप उतरायचा आणि चढायचा. टायफॉइडचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात ठाण मांडतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथल्या व्रणातून आतडं फुटू शकतं. इथे तेच झालं. पोट लाकडासारखं कडक झाल्यावर जिल्ह्याला आणलं तेव्हा पोटात घाण पसरलेली होती. अशा पोटात टाका घालून आतडं जोडलं तर टाका उसवण्याचा धोका मोठा, म्हणून शल्यचिकित्सकांनी फुटलेला भाग दुरुस्त करून त्याच्या अलीकडची आतड्याची वेटोळी पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढली. याला लूप इलिओस्टोमी म्हणतात, आणि पोटावर आलेल्या आतड्याच्या या तोंडाला स्टोमा. दोन तोंडं असतात: एकातून मळ येतो, दुसरं खालच्या आतड्याकडे जातं आणि त्यातून नुसता चिकट पदार्थ येतो. मळ येणारं तोंड बाहेर उलटवून तोटीसारखं दोन-अडीच सेंटिमीटर वर ठेवतात. १९५२ साली ब्रायन ब्रूक या ब्रिटिश सर्जनने ही उलटवण्याची पद्धत मांडली. तोटी असली की मळ थेट पोटावर चिकटवलेल्या पिशवीत पडतो, कातडीवर ओघळत नाही. पुढची सगळी कहाणी या एका वाक्याभोवती फिरते.

सुट्टीच्या वेळी सांगितलं गेलं: बारा आठवड्यांनी आतडं परत जोडू. वजन तेव्हा ३५ किलो, उंची १५४ सेंटिमीटर.

पहिले तीन महिने

वॉर्डात पिशवी बदलायला आईला शिकवलं. मुलगी डोळे मिटून पडून राहायची, सिस्टर आईला दाखवायच्या. मुलीलाही शिकवू या म्हटल्यावर आईचं उत्तर ठरलेलं होतं: "तीन महिन्याचं त काम हाय, तिले कायले शिकवता? मी हाव ना." हे प्रेमाचंच बोलणं होतं, आणि नुकसानही त्यानेच केलं. कायमचा स्टोमा असलेल्या रुग्णाला घरचे निदान शिकवून तरी ठेवतात. तात्पुरत्या स्टोमाला मात्र चार दिवसांच्या पाहुण्यासारखं वागवतात, आणि पाहुणा लांबला की सगळ्यांची पंचाईत होते.

डिसेंबरअखेर तपासणीला आणलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.९ आणि वजन ३६. जोडणी पुढे ढकलली. तोवर मुलगी घराच्या मधल्या खोलीतून बाहेर पडलेली नव्हती. कॉलेज बंद, मैत्रिणीचे फोन बंद, जेवण दिवसातून एकदा. कमी खाल्लं की कमी येतं, हा तिने स्वतःच काढलेला उपाय. पिशवी रोज, कधी दिवसातून दोनदा गळत होती. केस पेपरवर "नैराश्य, समुपदेशन" असा शेरा होता.

समुपदेशनाला आमचा विरोध नाही. पण ज्या मुलीच्या अंगावर रोज मळ ओघळतो तिला आधी धीर देऊन उपयोग नाही. आधी गळती थांबवावी लागते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्टोमाचं काम जाणणाऱ्या सिस्टरने तिला खाटेवर आडवं न करता आधी बसवून, मग उकिडवं बसवून, मग उभं करून तपासलं. गळतीची पाच कारणं पाऊण तासात सापडली.

गळती कुठून होत होती

पहिलं कारण मापाचं. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो. प्लेट म्हणजे कातडीवर चिकटणारी डिंकाची चकती, तिच्यावर पिशवी बसते. सुट्टीच्या वेळी तिला ४५ मिलिमीटरचं भोक पाडून दिलं होतं आणि आईने तेच कार्डबोर्डवर उतरवून ठेवलं. सूज सहा ते आठ आठवड्यांत उतरते. आता स्टोमा ३० बाय २६ मिलिमीटरचा लंबगोल झाला होता आणि भोक मात्र ४५चंच. म्हणजे भोवतालची सात ते नऊ मिलिमीटर कातडी उघडी. लहान आतड्याच्या स्रावात अन्न पचवणारे रस जिवंत असतात, ते कातडीलाही पचवायला लागतात. कातडी सोलवटून ओली झाली. ओल्या कातडीवर प्लेट धरत नाही, म्हणून पुन्हा गळती, पुन्हा सोलवटणं.

दुसरं कारण बसल्याशिवाय दिसत नाही. आडवं असताना पोट सपाट. उकिडवं बसलं की स्टोमाच्या खाली, घड्याळाच्या सहाच्या काट्याला, एक घडी पडायची. मळ त्या घडीतून प्लेटखाली शिरायचा. संडासातून उठल्यावरच गळते, ही तिची तक्रार तंतोतंत खरी होती. घरात कोणी ऐकली नव्हती.

तिसरं, आजी. सोलवटलेल्या कातडीला खोबरेल तेल लावत होती. तेलावर डिंक चिकटत नाही. चौथं, सलवारची नाडी बरोबर पिशवीच्या वरच्या तिसऱ्या भागावर बांधलेली. मळ खाली उतरायला वाट नाही, तो स्टोमाभोवती साचून प्लेट उचलायचा. पाचवं, रात्री पिशवी रिकामी करायला आईला उठवायचं जिवावर यायचं, म्हणून ती काठोकाठ भरू द्यायची. भरलेली पिशवी अर्ध्या किलोच्या वर जाते आणि आपल्या वजनानेच प्लेट ओढून काढते.

मन खचलेलं होतं यात वाद नाही, पण खचायला ही पाच कारणं पुरेशी होती.

हात बदलले

पहिल्या दिवशी तिने फक्त पाहिलं. हातात आरसा दिला, कारण स्टोमाचा खालचा काठ वरून दिसत नाही आणि गळती तिथूनच सुरू होते. लाल, ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तर दुखत नाही, स्टोमाला दुखण्याच्या नसा नसतात. पुसताना किंचित रक्त येतं, तेही चालतं. काळा, जांभळा किंवा पांढुरका पडला तर मात्र तासाभरात दवाखाना. दुसऱ्या बदलाला तिने पुसलं. तिसऱ्याला माप घेऊन कापलं. चौथ्याला सगळं तिने केलं, आई दाराशी उभी. पाचव्याला दार लावून घेतलं.

बदलायची वेळ पहाटे साडेपाचची ठरली, चहाच्या आधी. पोट रिकामं असलं की स्टोमा शांत असतो. सामान आधी एका पितळी परातीत मांडायचं: प्लेट, पिशवी, क्लिप, मापपट्टी, वाकड्या टोकाची कात्री, पेस्ट, पावडर, जुन्या सुती साडीचे चार मऊ तुकडे, पाण्याचा गडू, वर्तमानपत्र, कॅरीबॅग. एक वस्तू राहिली तर उघड्या स्टोमानिशी धावाधाव होते, म्हणून परातीत भरल्याशिवाय जुनी प्लेट काढायची नाही, हा नियम तिने स्वतः केला.

जुनी प्लेट वरून खाली काढायची. एका हाताने कातडी दाबायची, दुसऱ्याने प्लेट सोलायची. झटका नको. निघालेली प्लेट फेकण्याआधी उलटी करून बघायची. पाठीचा डिंक ज्या दिशेला विरघळलेला, गळती त्या दिशेने येते आहे. ही पाच सेकंदांची सवय महिन्याच्या चार-पाच प्लेटा वाचवते. मग साध्या पाण्याने पुसणं. साबण लावायचाच तर बिनतेलाचा, आणि पूर्ण धुऊन. डेटॉल, स्पिरिट, सुगंधी ओले टिश्यू नाहीत. पुसताना स्टोमा चालू झालाच तर सुती तुकड्याची गुंडाळी तोंडावर धरायची.

माप पहिले दोन महिने दर बदलाला, नंतर महिन्यातून एकदा. भोक स्टोमापेक्षा फक्त दोन-तीन मिलिमीटर मोठं. कापल्यावर काठावरून बोट फिरवायचं, कात्रीचा कंगोरा स्टोमाला घासू नये म्हणून. सोलवटलेल्या जागेवर पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची, ओल्या बोटाने हलकं टिपायचं आणि सुकू द्यायचं. गरज वाटली तर हाच थर पुन्हा एकदा. पावडर जाड राहिली तर तीच प्लेट सोडवते. पेस्ट ही डिंक नाही, भेगा भरायची पुट्टी आहे. तिच्यात अल्कोहोल असतं, म्हणून सोलवटलेल्या जागी झोंबते. प्लेटवर लावून मिनिटभर उघडी ठेवली की झोंबणं कमी होतं. या मुलीला सहाच्या काट्यावर, घडीच्या जागी, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पेस्ट पुरली. आई पूर्वी अर्धा इंच रिंगण घालत होती.

प्लेट खालून वर लावायची, स्टोमाभोवती बोटाने आणि मग तळहाताने दोन मिनिटं दाबायची. हिवाळ्यात आधी दोन मिनिटं काखेत धरून गरम करायची. डिंक उबेने धरतो. मग पिशवी खालून वर दाबत बसवायची आणि हलकेच ओढून बघायची. पिशवीचं खालचं उघडं टोक म्हणजे शेपूट, ते क्लिपवर एकदाच दुमडायचं. दोनदा दुमडलं की क्लिप तुटते. क्लिपचा बाक पोटाकडे. पिशवीच्या कोपऱ्यावर पेनाने तारीख.

पहिल्यांदा पस्तीस मिनिटं लागली. महिन्याभराने बारा. प्लेट आता तीन दिवस टिकू लागली, पुढे चार. हिशोब सरळ आहे: रोज एक म्हणजे महिन्याला तीस, चार दिवसांना एक म्हणजे आठ. बाबांचा चेहरा या आकड्याने जितका उजळला तितका दुसऱ्या कशानेच नाही. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली होती, पिशव्या मात्र कपाशीच्या पैशातून येत होत्या.

काळी गोळी

रिकामी करणंही तिच्याकडे आलं. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करायची, दिवसात सहा-सात वेळा, रात्री एकदा. खाली बसायच्या संडासात आधी एक मग पाणी भांड्यात सोडायचं, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत आणि चिकटत नाही. बसून शेपूट भांड्याजवळ न्यायचं, क्लिप काढायची, वरून खाली निपटायचं. शेपटाचे शेवटचे तीन सेंटिमीटर आतूनबाहेरून ओल्या कापडाने पुसायचे. नीट लागलेल्या, बंद पिशवीला वास येत नाही. येत असेल तर एकतर शेपूट घाण आहे किंवा प्लेटखाली गळती सुरू झाली आहे. घरात सगळे वासाचा दोष कांद्याला देत होते.

तिसऱ्याच दिवशी तिने सिस्टरला फोन केला: पिशवीत काळी गोळी दिसते, अख्खी. ही लोहाची गोळी होती, वर आवरण असलेली, सावकाश विरघळणारी. अशा गोळ्यांना पूर्ण आतड्याची लांबी गृहीत धरलेली असते. इलिओस्टोमीत त्या तशाच बाहेर पडू शकतात. आईने ऑक्टोबरपासून ती गोळी दिसताना पाहिली होती. औषध आहे, येत असेल, म्हणून सोडून दिलं. कोणी विचारलंही नाही. तीन महिने लोहाची गोळी पोटात जात होती आणि संडासात पडत होती, आणि रक्त वाढलं नाही म्हणून जोडणी पुढे गेली. डॉक्टरांनी लोहाचं पातळ औषध सुरू केलं. मार्चमध्ये हिमोग्लोबिन ९.८ झालं.

आईची चूक म्हणून हे लिहिलेलं नाही. ज्याचं शरीर आहे त्याची नजर वेगळी असते, एवढाच मुद्दा. लोहाने स्राव काळसर-हिरवा होतो, तो रंग निराळा; अख्खी गोळी निराळी. शौचाच्या वाटेने अधूनमधून पांढरट चिकट पदार्थ येतो, तो खालच्या आतड्याचा स्वतःचा असतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि लाजेने तिनेही चार महिने विचारलं नव्हतं.

कपडे, घर आणि कोणाला सांगायचं

सलवारच्या नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक आलं, आणि ते स्टोमाच्या वर न येता खाली, पिशवीच्या मधोमध आलं तरी चालेल इतकं सैल. वरून सरळ कापाचा कुर्ता. पिशवी आणि कातडीच्या मधे घामाने पुरळ येतं, म्हणून आईने जुन्या साडीची खोळ शिवली: १६ बाय २४ सेंटिमीटर, पाठीमागे गोल भोक, खालून उघडी. अशा चार. आईला हे काम देणं मुद्दाम होतं. हातातलं एक काढून घेतलं की दुसरं द्यावं लागतं.

आजीचा प्रश्न सुटला असं म्हणता येत नाही. विटाळ म्हणून देवघर आणि चूल बंद होती. डॉक्टरांनी समजावलं, आजीने मान हलवली आणि केलं तेच केलं. फेब्रुवारीत एका सकाळी मुलगी आंघोळ करून, नवी प्लेट लावून पोळ्या लाटायला बसली. आजी काही बोलली नाही. देवघराचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. आंघोळ पिशवी लावून करता येते आणि काढूनही. पाणी स्टोमात शिरत नाही.

सांगायचं कोणाला? पाहुण्यांपैकी कोणालाच नाही, असा आईचा हट्ट. पुढे लग्नाचं बघायचं आहे. त्यात सिस्टरने हात घातला नाही, फक्त एवढं सुचवलं की बाहेर दोन माणसांना माहीत हवं: एक मैत्रीण, एक प्राध्यापक. कारण घसरलेल्या प्लेटनिशी कोणाचीही मदत न घेता उभं राहणं अवघड असतं. वाक्यं आधीच ठरवून, दहा वेळा मोठ्याने म्हणून घेतली: "माझं आतड्याचं ऑपरेशन झालंय. पोटावर पिशवी आहे. मला मधेच उठून जावं लागतं, तेव्हा विचारू नकोस." तीन वाक्यं, तपशील नाही. मैत्रिणीने पहिला प्रश्न विचारला तो दुखतं का हा, दुसरा परीक्षेच्या नोट्सबद्दल. वर्गात पोट गुरगुरलं तर ओढणीवरून तळहात हलकेच दाबून धरायचा, आवाज दबतो.

एसटीने तालुक्याला जायला पन्नास मिनिटं, रस्ता खराब. निघण्याआधी पिशवी रिकामी करायची, धक्का कमी म्हणून चाकावरची आणि मागची सीट टाळायची. पिशवीला लागणारा कमरेचा पट्टा दोन बोटं आत जातील इतका सैल. दप्तरात डबा: आधीच कापून ठेवलेल्या दोन प्लेटा, एक पिशवी, जास्तीची क्लिप, कापडाचे तुकडे, अर्धा लिटर पाण्याची बाटली, कॅरीबॅग, एक सलवार. बसस्थानकावरच्या संडासात पाणी नसतं, म्हणून बाटली पिण्याची वेगळी आणि ही वेगळी. पहिली फेरी भावासोबत, कॉलेजच्या गेटपर्यंत जाऊन परत. दुसरी एक तास वर्गात. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती एकटी गेली. त्या दिवशी पिशवी गळली नाही. गळली ती सहाव्या दिवशी, बसमध्ये. तिने कॉलेजच्या संडासात प्लेट बदलली आणि दुसऱ्या तासाला बसली. आमच्या मते सुधारणा या दिवसापासून मोजावी.

वापरलेल्या प्लेटा संडासात टाकायच्या नाहीत, खड्डा तुंबतो. गावात घंटागाडी नाही. रिकामी करून, कागदात गुंडाळून, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या, म्हणजे दोन फूट खोल खड्ड्यात.

एप्रिल

विदर्भातला उन्हाळा इलिओस्टोमीच्या पुस्तकांत नसतो. पारा ४४ला गेला आणि दोन गोष्टी एकदम बिघडल्या.

एक, सामान. प्लेटा टिनाखालच्या फळीवर होत्या. डिंक मऊ होऊन कागदाला चिकटला, चार प्लेटा वाया. नंतर डबा मातीच्या खोलीत, धान्याच्या कोठीमागे जमिनीलगत ठेवला. फ्रिज नको, ओल धरते. घामाने प्लेट तीन दिवसांवर आली, ती उन्हाळाभर तिथेच राहिली.

दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी. ती दिवसभर पाणी पीत होती, चार लिटरच्या वर. शिवाय रसवंतीचा रस, साखर घातलेलं लिंबूपाणी. तरी तहान भागेना. पिशवी दिवसात बारा वेळा रिकामी होऊ लागली, पाण्यासारखी. पोटऱ्यांत गोळे, लघवी गडद आणि दोनदाच, उभं राहिलं की अंधारी. चौथ्या दिवशी न्हाणीत पडली. प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाइन लागलं, रक्तात सोडियम कमी आलं.

सगळ्यांनी तिला अजून पाणी पी म्हणून सांगितलं होतं, आणि तेच उलटलं. मोठं आतडं पाणी आणि मीठ परत ओढून घेतं. इथे ते वाटेतच नाही. इलिओस्टोमीच्या एक लिटर स्रावात साधारण १०० मिलिमोल सोडियम जातं, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम मीठ, एक चहाचा चमचा भरून. लहान आतड्यात साधं पाणी आलं की शरीरातलं मीठ त्या पाण्यात उतरतं आणि दोन्ही मिळून पिशवीत जातात. नुसतं गोड पेय आतड्यात पाणी ओढून घेतं. मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र असली तरच दोघं जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. ओआरएसचं सगळं काम या जोडीवर चालतं.

योजना अशी बदलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस, २०.५ ग्रॅमचं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या लिटरमध्ये नाही, आणि लहान पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापातच. रोज दीड लिटर, घोटघोट, जेवणासोबत नाही. चव नकोशी वाटते, म्हणून बाटली झाकण लावून माठाला टेकवून गार करायची. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल त्या दिवशी एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा. खोक्यातल्या फळांच्या चवीच्या पेयांना ओआरएस समजू नये. अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. साधं पाणी, चहा, रस मिळून एक ते दीड लिटर, बाकीची तहान ओआरएसवर किंवा मीठ घातलेल्या ताकावर. जेवणात मीठ वरून, पापड, लोणच्याचा खार. हे प्रमाण तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवलेलं आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने ते जसंच्या तसं घेऊ नये. जंतुसंसर्ग नाही याची खात्री केल्यावर जेवणाआधी अर्धा तास स्राव कमी करणारं लोपेरामाइड दोन मिलिग्रॅम सुरू झालं.

आणि मोजणं. एक लिटरचा खुणा असलेला प्लास्टिकचा मग फक्त याच कामाला. घट्टपणा आंबिलीसारखा आणि दिवसाचे ५०० ते ८०० मिलिलिटर म्हणजे ठीक. १२०० गेलं की ओआरएस वाढवायचं. १५०० दोन दिवस राहिलं, किंवा लघवी चार वेळांपेक्षा कमी झाली, की फोन. शाळेच्या शंभरपानी वहीत दोन रकाने: आलं, प्यायले. मे महिन्यात एकदाही १२००च्या वर गेलं नाही.

खाणं

एकदा खाऊन कमी येतं ही समजूत मोडायला सोपं गेलं: रिकाम्या आतड्यात गॅस होतो, पिशवी फुगते आणि वजन वाढत नाही. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. घट्टपणासाठी भात, केळ, दही, साबुदाणा, उकडलेला आलू. रात्रीचं जेवण सातच्या आत, म्हणजे झोप मोडत नाही. बंदी थोड्याच गोष्टींना, पण नेमक्या आपल्याकडच्या: संत्र्याच्या फोडीची साल आणि पांढरे धागे, हुरडा, मक्याचं कणीस, सोले (ओल्या तुरीचे दाणे), सुकं खोबरं, अंबाडीच्या भाजीचे देठ. हे आतड्यात गोळा होऊन तोंडाशी अडकतात. संत्रा नको असं नाही. फोड सोलून आतला गर चावून चावून, किंवा रस गाळून थोडा. एकदा फेब्रुवारीत सोलेभातानंतर पाच तास काहीच आलं नाही, पोटात कळा. घट्ट खाणं थांबवून कोमट पाणी घोटघोट, गरम पाण्याची पिशवी, गुडघे छातीशी घेऊन कुशीवर, तासाभरात सुटलं. उलटी झाली असती किंवा स्टोमा सुजला असता तर वाट न बघता दवाखाना. पोट साफ करायची, जुलाब होण्याची गोळी अशा वेळी घेऊ नये, अडकलेल्या आतड्यावर ती आणखी ताण आणते.

परीक्षा आणि जोडणी

एप्रिलअखेर डॉक्टरांनी जोडणीसाठी मे महिना सुचवला. तिने परीक्षेनंतरची तारीख मागितली. घरचे चिडले: इतके दिवस रडत होती, आता कायले थांबते? पण तारीख तिच्या म्हणण्याप्रमाणे गेली.

कॉलेजने वैद्यकीय प्रमाणपत्रावर दाराजवळची जागा आणि ओआरएसची बाटली मान्य केली. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत स्टोमा नाही, म्हणून दिव्यांगत्वाचा दाखला मागत बसण्यात अर्थ नव्हता. साधा अर्ज आणि सर्जनचं पत्र पुरलं. पेपरच्या दोन तास आधी दहीभात, अर्धा तास आधी पिशवी रिकामी. सहा पेपरांत दोनदा उठावं लागलं.

जुलैमध्ये खालच्या आतड्यात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढला, वाट मोकळी होती. हिमोग्लोबिन ११.२, वजन ४३. जोडणी झाली. पहिले तीन आठवडे दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शौच, जागा झोंबणं. पाण्याने धुऊन, टिपून, झिंक ऑक्साइडचं मलम. त्यानंतर दोन-तीन वेळांवर आलं. पाच किलोपेक्षा जास्त वजन आठ आठवडे उचलायचं नाही, म्हणून विहिरीवरचं पाणी भावाकडे गेलं आणि, तो म्हणतो, परत आलंच नाही.

उरलेलं सामान तिने वॉर्डात आणून दिलं: न उघडलेल्या पाच प्लेटा, सात पिशव्या, अर्धी पावडर. त्याच आठवड्यात दाखल झालेल्या एका मुलाच्या खाटेशी बसून तिने मापपट्टी कशी धरायची ते दाखवलं, त्याच्या आईला नाही, त्याला. दप्तरातल्या डब्यात आधीच कापून ठेवलेल्या दोन प्लेटा होत्या, ३३ बाय २९. त्या दुसऱ्या कोणाच्या मापाच्या नव्हत्या, म्हणून घरीच राहिल्या.